पलंगामागचं दार

प्रिय पुनम,

मला अजून काही सुचत नाहीये. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला की मी रडेन, नाहीतर खोटं बोलेन, म्हणून लिहिते. शेजारचा मिथुन उद्या तुमच्या कोरपन्याला येतोय, त्याच्या हाती देते.

बाबा रिटायर झाले, माजरीचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय, हे तुला ठाऊक आहे. मी चिमूरहून आवराआवरीला आले. आमच्या आईचा संसार तू पाहिलायस! दांडा नसलेल्या छत्र्या, बाबांचे खाणीतले फाटके बूट, बिनझाकणाचे डबे. एक वस्तू टाकू म्हटलं की, "राहू दे ना, कामी पडते." चार दिवस डोकं आपटलं. मग धम्मचक्राच्या कार्यक्रमाला दोघं दोन दिवस चांद्याला गेले आणि मी डाव साधला. झाडू नावाच्या भंगारवाल्याला बोलावलं. त्याची हातगाडी तीनदा भरली. खरं सांगते, फार हलकं वाटलं गं. आईच्या पलंगामागे ताडपत्रीत बांधलेलं काहीतरी कित्येक वर्षं उभं होतं. तेही दिलं. उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

काल आई परतली. चप्पल न काढताच पलंगाकडे गेली. "हर्षे, इथचं दार कुठी गेलं?" मी म्हटलं, कसलं दार? तेव्हा तिनं सांगितलं. तुमचं गाव खाणीत गेलं, तेव्हा घर सोडताना सगळ्यांनी आधी दारं उतरवली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुझी आई, आमच्या सुगंधामावशी, भाड्याच्या खोलीत चालल्या होत्या. त्यांनी आपलं सागवानी दार आईकडे ठेवलं, पुनम घर बांधेल तेव्हा तिला दे म्हणून. पुढे मावशी वारल्या, आईनं दार सांभाळलं. तू येत्या रविवारी टेम्पो घेऊन ते न्यायला येणार आहेस, हेही मला कालच कळलं. मी हसते ना तिच्या पसाऱ्याला, म्हणून तिनं कधी सांगितलंच नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदराची गाठ सोडली, तुमच्या त्या दाराच्या कुलपाची चावी काढली आणि म्हणाली, "मंग आता ह्या चाबीचं काय करू मी?"

मी तशीच झाडूकडे धावले. त्यानं दार सुताराला विकलेलं. सुताराकडे गेले तर चार स्टूल होऊन ओळीनं ठेवलेले, आणि तो पाचव्याला रंग देत होता. मी पुन्हा झाडूकडे गेले. त्याच्या लोखंडाच्या ढिगात दाराची कडी तेवढी सापडली. घासून ठेवलीय.

हे तुला रविवारी समोरच सांगणार होते. पण मघाशी आई शेजारच्या नूतनला सांगत होती, "मीच इकलं बाई. मलेच अडचण होत होती. पोरीले काही मालूम नाई." जिनं जन्मात फुटका डबा विकला नाही, ती! रविवारी तुलाही ती हेच सांगेल, मान खाली घालून. तिच्या आधी हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला हवं. पुनम, दार मी विकलं. तू मला काय बोलायचं ते बोल, पण तिच्यासमोर बोल, म्हणजे तिला कळेल की तुला खरं माहीत आहे. टेम्पो नको आणूस, पण ये. कालपासून आई जेवलेली नाही.

तू अजून म्हणू देशील तर, तुझीच
हर्षा