जमिनीवरून सुटलेला वारा

आबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमचं एक वाक्य मात्र माझ्या तोंडात राहिलं, म्हणून लिहिते आहे. थंडीचे दिवस होते, रावेरच्या आपल्या केळीबागेत वारा सुटला होता. घडांच्या ओझ्याने झाडं मोडत होती. तुमचे जावई खांद्यावरचा घड टाकून बांधाकडे पळाले आणि ते उभे होते तिथेच एक झाड आडवं झालं. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलं. तरी दुपारी, मी भाकरी वाढत असताना, तुम्ही भर पंगतीत तुमच्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणालात, "पाव्हणा, वारा सुटना का बठ्ठासना पहिले तुम्हीच पळतस!" वारा सुटला की सगळ्यांच्या आधी पळणारा जावई! सगळे हसले. मीही हसले. ते खाली मान घालून जेवत राहिले. पुन्हा बागेत आले नाहीत. पुढे गुजरातच्या किनाऱ्याला मासेमारीच्या बोटीवर लागले.

तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी दिवाळीनंतर दोन दिवस ढग होते, मग एकदम निवळलं. मी देवपूरला सासरच्या घरात चुलीपाशी, फोन खांद्याशी दाबलेला. ते म्हणतात, "इकडे गार वारा सुटलाय, जमिनीवरून समुद्रात जातोय. आमचा म्हातारा तांडेल बोट काढायला तयार नाही."

"पाणी कसंय?"

"काठाला तळ्यासारखं."

"आणि आभाळ?"

"स्वच्छ. दुसरी एक बोट निघतेय, त्यांना माणूस कमी पडतोय. पण मन घेत नाही गं."

त्यांचं असं कायमच असतं, असं मला वाटलं. मी तुमचं वाक्य म्हटलं, तुमच्याच आवाजात. ते हसले. "आबा गेले नाहीत म्हणायचे अजून. बरं, जातो." तिसऱ्या दिवशी बोट उलटी सापडली. ते सापडले नाहीत.

शाळा तुम्ही चौथीतच सोडवलीत. पुढचं वाचन मी पुड्याच्या कागदांवर शिकले. आता वाचनालयातून पुस्तकं आणते. एकात वाचलं, की थंडीच्या सुरुवातीला समुद्र अजून कोमट असतो. ढगांच्या मागून आलेली गार हवा त्यावर पोचली की खालून तापते, वरखाली होते आणि उंचावरचा जोराचा वारा पाण्यावर उतरतो. वारा जमिनीवरून येतो म्हणून काठाला लाटा उठत नाहीत. जितकं आत जावं तितक्या मोठ्या होतात. म्हणजे ते बरोबर होते, आबा. बागेतही बरोबर होते.

सासूबाई अजून त्या बोटवाल्याला शिव्या घालतात. "त्यानेच माझ्या पोराला ओढून नेलं, मुडदा बसविला त्याचा!" मी त्यांना पाणी देते, हो म्हणते. आत्ताही त्या समोर शेंगा फोडत बसल्या आहेत.

"काय लिहितेस गं एवढं?"

"आबांना पत्र."

"मेलेल्या माणसाला? येडी का काय! बरं, माझ्या पोराबद्दल चार चांगले शब्द टाक."

"टाकलेत," मी म्हटलं.

हे पत्र तुम्हाला लिहायला मला काहीच जड जात नाही. ते खरं तर सासूबाईंना वाचून दाखवायला हवं. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून तर कागद असा त्यांच्यासमोर उघडा टाकून मी लिहू शकते.