मुंगूस पडलंय, कोणीतरी उचला

३ फेब्रुवारी, सोमवार

दूध संपलंय हे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं!

काळा चहा पीत बसले होते, तर नवरा म्हणतो, "काल आई बोलली की. दुसऱ्या फेरीत." मी काल संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. त्यांनी कुंपण पाडलं. तेवढ्यात घरी दुसरी फेरी झाली आणि त्यात दूध संपलं. मला कसं कळणार?

फेरी म्हणजे 'शेवटची तुकडी'ची. बंदुकांचा गेम. शेवटची म्हणतात आणि नऊ भाग आलेत. नवरा, सासूबाई, सासरे — रोज संध्याकाळी साडेपाचला तिघं तीन खोल्यांत दारं लावून बसतात, कानांवर हेडफोन. चौथी भिडू नणंद, ती दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून तिच्या गावाहून सामील होते. सासूबाई कप्तान. मी बाहेर वाटाणे सोलत असले तर बंद दारांमागून ऐकू येतं — "डावीकडे दोघं." "बघितले." "गॅसवाला उद्या येतोय." "कळलं. छपरावर एक."

लग्नाआधी नवरा म्हणाला होता, आमच्याकडे सगळे एकत्र बसतात. मला वाटलं, जेवायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सरळ विचारलं. आई-बाबा एरवी एकमेकांशी का बोलत नाहीत? नवरा बूट पुसत होता, पुसतच राहिला. मग सांगितलं.

सहाव्या भागातली गोष्ट. सामना संपत आला की आकाशातून एक पेटी पडते, ती उचलेल ती तुकडी जिंकते. सासूबाई तिथे गोळी लागून पडल्या होत्या. पडलेल्या माणसाजवळ कोणी गुडघे टेकून बसलं तर तो पुन्हा उठतो. सासरे दहा पावलांवर होते. पेटीही तेवढीच लांब. ते पेटीकडे गेले.

जिंकले. तेव्हापासून घरात अबोला. गेममध्ये मात्र बोलतात, कारण तिथे न बोलून कसं चालेल, तुकडी हरेल ना!

म्हणजे ह्या घरात लोक गोळीबार चालू असेल तेवढ्याच वेळात एकमेकांशी नीट वागतात. आणि मी तिथे जात नाही. मी आपली भाजीला काय करू विचारत फिरते भिंतींना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी ह्यांच्यासारखी होणार नाही. लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मला कसं कळलं? नणंदेचा फोन आला. तिला तिसऱ्या फेरीत कळलं.

ऑपरेशननंतर काही दिवस स्क्रीन बंद. सासूबाई निवृत्त नर्स, त्या असल्या बाबतीत डॉक्टरपेक्षा कडक. म्हणजे खेळ बंद. म्हणजे दोघांचं बोलणं बंद! पूर्ण. डोळ्यात थेंब कोण घालणार, कुठली बाटली सकाळची — कोण कोणाला सांगणार?

मी म्हटलं, नुसता हेडफोन लावून बोला की, आई. बघायचं कशाला. तर म्हणाल्या, "मैदानात नसेल त्याने तोंड उघडायचं नाही. नियम माझाच आहे."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मग सासरे. मग सासूबाई. मी वाटाणे मोजायचं नाटक केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रश्न असा आहे — नवख्या माणसाने हा खेळ सुरू करावा का, आणि केला तर कुठून? घरात विचारायची चूक केली.

सासूबाई — "पहिल्या भागापासून. मधेच घुसलेली माणसं टिकत नाहीत." हे गेमबद्दल होतं की माझ्याबद्दल, कळलं नाही.

सासरे — "चौथ्यापासून. आधीच्या तिन्हीत भिंती माणसांसारख्या दिसतात आणि माणसं भिंतींसारखी." ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते. ते म्हणतात, कुठल्याही मजल्यावरून आत शिरता येतं, दार उघडलं पाहिजे फक्त.

नवरा — "नववा. आम्ही सगळे तिथेच आहोत." हे बरं बोलला. नवऱ्याचं तिथलं नाव 'वादळ'. पंखा तीनवर ठेवला की ह्याला शिंका येतात.

नणंद — "तू धडधाकट आहेस. तुला काय कमी आहे? पळून जा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनाही विचारलं. त्यांनी बराच विचार केला. "गाडी कोणतीय त्यात?"

जीप आहे म्हणे. मग करावं, म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सुरू केलं. नववा भाग.

मला जुना हेडफोन मिळालाय, त्याचा एक कान मेलाय. सासूबाईंचा चांगला आहे, पण त्याला कोणी हात लावायचा नाही. "तो माझा आहे," एवढंच म्हणाल्या. मात्र खेळायचं त्यांच्या नावाने. नाव — 'मुंगूस'. कप्तानाची जागा रिकामी दिसता कामा नये.

मैदानात उतरले. एक माणूस दिसला. मी त्याला रस्ता विचारणार, तेवढ्यात मेले.

पुन्हा उतरले. रस्त्याच्या कडेकडेने चालले. मेले. सासूबाई मागे खुर्ची टाकून बसलेल्या. "कडेने का चालतेस?" म्हटलं, पादचाऱ्याने कडेनेच चालायचं. त्या उठून पाणी प्यायला गेल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जीप मिळाली. हे मात्र मला येतं! बाकीचे बंदुका झाडत पळतात, मी शांतपणे आरसा बघते, इंडिकेटर देते, वळते. नवरा मागच्या सीटवरून ओरडत होता, "इंडिकेटर कशाला? शत्रूला कळतंय आपण कुठे वळणार!" मागच्याला कळावं म्हणूनच तर असतो. शत्रू झाला म्हणून काय मागून येऊन धडकू द्यायचं?

सासरे कानात म्हणाले, "सूनबाई गाडी बरी चालवते." लग्नानंतर त्यांचं माझ्याबद्दल हे पहिलं वाक्य. रात्री जेवताना त्यांनी मला मीठ हवंय का तेसुद्धा खुणेने विचारलं. जेवताना हेडफोन नसतो ना.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. ठीक झालं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर सासरे बसून होते. सासूबाईंना डोळ्यावर ढापण लावून बाहेर आणलं, तेव्हा उभे राहिले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग नुसती त्यांची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले.

मला इतका राग आला की परत येताना मी पिवळ्या दिव्यावर गाडी काढली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी मुंगूस म्हणून बसले. शेजारी सासूबाई, एका डोळ्यावर ढापण, पाठ स्क्रीनकडे. त्या मला सांगणार, मी हेडफोनमध्ये सांगणार.

"त्यांना सांग, थेंबांची बाटली फ्रीजच्या दारात ठेवलीय."

"बाबा, आई म्हणतात बाटली फ्रीजच्या दारात आहे."

"तिला सांग, बघितली. पुलावर तिघं आहेत."

"त्यांना सांग, पूल मला नवा नाही."

"तिला विचार, दुखतंय का."

सासूबाईंनी पदराचं टोक नीट केलं. "त्यांना सांग, पुलाकडे लक्ष द्या."

पोस्टमनलासुद्धा पाकीट बंद मिळतं. मला सगळं उघडं! आणि हे चालू असताना नवरा, "कोणी मला गोळ्या देईल का?" सासूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकून उत्तर दिलं, "त्याला सांग, जेवणानंतर घे." सर्दीच्या गोळ्या म्हणजे. ह्या घरात दोन्ही संपलेल्या असतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिकवताना आज माझ्या तोंडून गेलं, "मागे दोघं आहेत, झाडाआड व्हा." शिकणाऱ्या बाईंनी खरंच गाडी झाडाला लावली. बंपर गेला. मालक म्हणाले, "तुम्ही थोडी सुट्टी घेता का?"

२ मार्च, रविवार

आजचं नीट लिहून ठेवते.

शेवटची फेरी. नणंद आधीच मेलेली, त्यामुळे नियमाप्रमाणे गप्प. आम्ही तिघं उरलो होतो आणि समोर एकच तुकडी. जीप मी चालवत होते, मागे नवरा. सासरे पुढे पायी गेलेले. पेटी पडली, तीही त्यांच्या अगदी पुढ्यात.

"पेटी माझ्यासमोर आहे," ते म्हणाले.

चौकात पोचले. रस्त्यावर पांढरे पट्टे होते. पट्ट्यांवरून एक माणूस चालला होता.

मी थांबले.

काय करू? अकरा वर्षं लोकांना हेच शिकवतेय. पट्ट्यांवर माणूस दिसला की गाडी थांबवायची, मग तो कोणी का असेना. मी हँडब्रेकसुद्धा ओढला. त्याने सावकाश रस्ता ओलांडला. मग वळला आणि मला गोळ्या घातल्या.

मुंगूस पडलं. नवरा उडी मारून भिंतीमागे गेला आणि तिथून म्हणतो, "मी लक्ष ठेवतोय." वादळ!

"पडलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"पडले, आई."

"हे कुठे आहेत?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "पेटीपाशी."

"हं." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या. तो चष्मा आता त्यांच्या उपयोगाचा नाही, नवा नंबर मिळायचाय. "घेऊ देत. जन्मभर मी लोकांना उचललं. रात्रपाळीत, दिवसपाळीत, अंगावर ओकणाऱ्यांना, शिव्या देणाऱ्यांना. एकदाच माझी पाळी आली होती. एकदाच." एवढं सलग त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "हे नको सांगूस त्यांना."

माझ्या हेडफोनचा माईक चालू होता. मेलाय तो कान. माईक नाही.

मग सासऱ्यांचा आवाज आला. "तिला सांग, येतोय."

आले. सगळा उघडा चौक पळत आले, दोन्ही बाजूंनी गोळ्या. गुडघे टेकून मुंगसापाशी बसले. उठवायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसऱ्यांनी पेटी उचलली.

"उचललं?" सासूबाईंनी विचारलं.

"उचललं."

"आणि पेटी?"

"गेली. हरलो आपण."

त्या उठल्या. चष्मा उलटा घातला, सुलटा केला. "वेडे आहेत," म्हणाल्या. "हाताशी आलेलं घालवलं." आणि मोरीत गेल्या. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत होता. डोळ्याला पाणी लावायचं नाही हे त्यांनीच मला तीनदा बजावलं होतं.

मी बाहेरच उभी राहिले. मलाही रडू आलं.

३ मार्च, सोमवार

सकाळी स्वयंपाकघरात.

सासूबाई — "चहा गार होतोय. या."

सासऱ्यांनी आधी स्वतःचे दोन्ही कान चाचपले. हेडफोन नव्हता.

"आलो," म्हणाले.

९ मार्च, रविवार

बोलताहेत. सारखे बोलताहेत! तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसं. भाजी आणताना, निवडताना, शिजताना. सहाव्या भागापासूनचं सगळं राहिलेलं. कोणाचं लग्न झालं, कोणता शेजारी वारला, लिफ्टचा नवा दोर कसा फालतू असतो. संध्याकाळी फिरायला जातात. डॉक्टरांनी स्क्रीनला परवानगी दिली, तर सासूबाई म्हणाल्या, "बघू. वेळ कुठे आहे?"

नणंदही खेळायची थांबली. म्हणते, आता घरी फोन केला की आई उचलते.

मला आनंद झालाय. खरंच. फक्त साडेपाच वाजले की बोटं शिवशिवतात. काल मी आणि नवरा आणि कोणी दोन परके असे खेळलो. त्यातला एक विचारत होता, "हे मुंगूस हात दाखवून का वळतं?"

१४ मार्च, शुक्रवार

मालकांची बायको सुरू करावं म्हणतेय. मालकांनी मला विचारलं, आता तुम्ही जाणकार. नवख्याने सुरू करावं का?

म्हटलं, करावं. नवव्यापासून करावं. जीप छान आहे. एका परक्याने मला परवा पडल्या-पडल्या उचललं, ओळख ना देख. जगात चांगली माणसं आहेत.

१६ मार्च, रविवार

पडले होते. नवरा दहा पावलांवर. पेटीही तेवढीच लांब.

जिंकला.

वर म्हणतो, "अगं, गेमच तर आहे." आता दाराबाहेर उभा राहून विचारतोय, जेवायला काय करूया. मला ऐकू येत नाही. काही सांगायचं असेल तर उद्या साडेपाचला, मैदानात सांगावं.

आत्ता सासूबाई आल्या होत्या. आपला चांगला हेडफोन माझ्या उशीजवळ ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि जाताना दार ओढून घेतलं.