वेल्डिंग मारलेलं हब

सोम. ३ फेब्रु.
दादाची स्कूटर आली दुकानात. दोन वर्षं पत्र्याखाली पडून होती. सव्वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर असलेला माझा थोरला भाऊ, आन गाडी ढकलत आणली. म्हणला, "संभा, टूबलेस चाकं घाल. मागचं हबबी चांगलं मजबूत बसव. रविवारी हिला म्हसवडला न्यायचंय, सिद्धनाथाला."
वैनीला मागं बसवून. पुन्हा.
"बरं" म्हणलो. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ!

मंगळ. ४
मागचं चाक उतरवलं, त्याच्या मधलं हब काढलं, ज्यावर सगळं चाक फिरतं. वेल्डिंग उकललंय, नख जाईल एवढी फट. ते वेल्डिंग माझंच. दोन वर्षांमागं हबला चीर दिसलेली. नवीन हब मिळंना, दादाला लग्नाला जायची घाई. टाका मारून घेतला, वरनं रंग फासला. सांगितलं न्हाई.
विट्याच्या उतारावर चाक लटपटलं, टूब फुटली, वैनीचा खुबा मोडला. गाव म्हणलं, टूबंनं घात केला. वैनी म्हणती, ह्यांनी जोरात चालवली. दादाबी म्हणतो, व्हय, जोरातच व्हती. आरं, चाळीसच्या वर काटा कधी नेला न्हाई ह्या माणसानं!
आन मी दोन वर्षं तोंड शिवून बसलोय. हरामखोर.

गुरु. ६
नवं हब बसवलं. जाड, भक्कम. नट आवळून पिन घातली, तीनदा बघितली. टूबलेस चाकात हवा भरून साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा न्हाई. तवा एवढं केलं असतं तर...
बायको म्हणली, "भावाचं काम म्हणून लय मन लावताय." तिलाबी ठावं न्हाई.

शनि. ८
दादा-वैनी गाडी न्यायला आले. वैनी काठी टेकत. आबांपासनं दुकानाची रीत हाय, काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. दादानं पिशवीच आणलेली. जुन्या टूबा दिल्या, रिमा दिल्या.
"हब कुठाय रं?"
"भंगारवाला घेऊन गेला."
"बरं."
संपलं. इस्वास हाय ना भावावर. आबा असते तर कानाखाली आवाज काढला असता.
वैनी हसत म्हणली, "आवं, हळू चालवा. दुसरा खुबा तेवढा ऱ्हायलाय माझा." दादानं मान खाली घातली. "व्हय, हळूच नेतो." हब माझ्या पायाशीच होतं, बाकड्याखाली, पोत्यात.

रवि. ९
सकाळी सहाला गेले. दहाला दादाचा फोन, पोचलो. "लोण्यावानी चालतीया गाडी. संभा, तुझ्या हाताला तोड न्हाई गड्या."
दुकानामागं जाऊन रडलो. घोड्यासारखा माणूस मी.
जेवण गेलं न्हाई. पोतं उचललं, दादाच्या घरी गेलो. कुलूप. हब काढून उंबऱ्यावर ठेवलं, वेल्डिंगची बाजू वर करून. बघताक्षणी कळंल त्याला.
परत आलो. चारला येतो म्हणलेत. आता अडीच वाजलेत. हब परत उचलून आणायचं म्हणलं तर दादाचं घर पाच मिनटांवर. पायातली चप्पल अजून काढली न्हाई.