मऊ पोट

सर, आज माझ्या हातांनी मला फसवलं. सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही.

दुपारी शिंदखेड्याचा एक माणूस आला. कापसाच्या ट्रॅक्टरवरून कुशीवर पडलेला, तरी स्वतःच्या पायांनी चालत आलेला. मी तळहात चोळून गरम केले, मग पोट तपासलं. ही सवय तुमची. धुळ्याच्या थंडीत मी तसाच गार हात ठेवला तेव्हा सगळ्या वॉर्डासमोर तुम्ही म्हणाला होतात, "गार हाताला पोट खरं सांगत नाही, बाई. आधी हात तापवा, मग डॉक्टर व्हा." पोट मऊ लागलं. "बठ्ठं बरं शे, अक्का. माले घर जाऊ द्या," तो म्हणत होता, आणि मी सोडणारच होते.

"मॅडम, नाडी जलद आहे. एकदा प्रोब ठेवू?" माझी रेसिडेंट म्हणाली.

"पोट मऊ आहे."

"हो मॅडम. तरी ठेवते."

सोनोग्राफीचं छोटं मशीन हल्ली आमच्या कॅज्युअल्टीत खाटेशेजारीच असतं. तिने बरगड्यांपाशी गार जेली लावून प्रोब टेकवला. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली. रक्त. लगेच त्याला थिएटरमध्ये नेलं, फुटलेली प्लीहा काढली. आता तो शुद्धीवर आहे आणि पुन्हा घरी जायचं म्हणतो आहे. मी त्या मुलीला शाबासकी द्यायची सोडून रागावले, "जेली आधी तळहातावर घेऊन कोमट कर. केवढा दचकला तो." ती "हो मॅडम" म्हणाली. तुमचाच सूर माझ्या तोंडून निघाला, हे तिला कसं कळणार?

बैलाने ढुशी दिलेला तो तरुण तुम्हाला आठवत असेल. त्याचंही पोट मऊ होतं. आपण त्याला वॉर्डात ठेवलं आणि संध्याकाळी तो गेला. तेव्हा खाटेशेजारी असं काही नव्हतं, हातच होते. मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या मीटिंगमध्ये तुम्ही उभं राहून म्हणालात, "पोट मी तपासलं. चूक माझी." पुढे लोक तुमच्या हाताबद्दल कुजबुजत राहिले. मी ऐकून घेतलं.

आज त्या मुलीने माझं ऐकलं नाही म्हणून माणूस वाचला. त्या दिवशी तुमच्या आधी मी पोट तपासलं होतं. तुम्ही विचारलंत, "कसं लागतंय?" मी म्हटलं, "मऊ, सर." नाडी जलद होती. ती माझ्या बोटांना लागली होती. मी बोलले नाही.