नीतीतली दीर्घ नी

४ जून, सकाळ
हॉस्पिटलचा मेसेज. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. नवी तारीख नाही. काउंटरवरचा कारकून म्हणतो, आजोबा, क्रम आता सिस्टिम लावते, आमच्या हातात काही नाही. मग कोणाच्या हातात, विचारलं. त्यानं छताकडे बोट दाखवलं. वर कँटीन आहे.
आजपासून संतापायचं नाही. हिला शब्द दिलाय.

६ जून
वाचनालयात सूचना: 'यंत्राला निती कोणी शिकवावी? धार्मीक दृष्टीकोन'. पुजारी, पाद्री, मौलवी, भिक्षू बोलणार. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर ऐकणार आणि त्यांच्या सिस्टिमसाठी सल्लागार समिती नेमणार.
ज्यांना 'नीती' लिहिता येत नाही, ते यंत्राला ती शिकवणार. सूचनेसमोर थरथरत उभा राहिलो. (संताप नव्हे. रक्तदाब.)
मला बोलावणं नाही. उभं आयुष्य पाचवीला कविता शिकवली. जखमी चिमणीची कविता म्हणताना शेवटचा बाकसुद्धा डोळे पुसायचा. नीती म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

७ जून
ग्रंथपालबाईंना भेटलो. अत्यंत शांतपणे. पाण्याचा पेला आपोआप सांडला. प्रेक्षकांतून बोलायला तीन मिनिटं मिळाली.
ही म्हणते, फक्त एवढंच विचारा, माझा नंबर मागे का गेला आणि त्याचा जाब कोण देणार. विषय किती लहान करते. मी शार्दूलविक्रीडितात मांडणार.

९ जून
दोन ओळी झाल्या. 'अल्गोरिदम' वृत्तात कुठेच बसत नाही. जे वृत्तात बसत नाही, ते नीतीत काय बसणार. वही आपटली. हलकेच.

११ जून, संध्याकाळ
सभा झाली. मौलवी म्हणाले, ज्याला जाब द्यावा लागत नाही, त्याच्या हाती न्याय देऊ नये. पाद्री म्हणाले, रांगेतला शेवटचाही पहिल्याइतकाच मोलाचा. भिक्षू म्हणाले, ज्याला दुखतं त्याला आधी विचारा. पुजारी म्हणाले, यंत्रानं केलं म्हणून यंत्र नेमणारा सुटत नाही. बरं बोलले. पण डोक्यावरच्या फलकावर 'निती', आणि चौघांपैकी एकालाही खटकू नये?
उठलो. सुरुवात तिथूनच करणं भाग होतं. दीर्घ 'नी' फळ्यावर काढून दाखवली. घंटा वाजली. मौलवींनी मोठ्या मनानं आपला उरलेला वेळ मला दिला. म्हणाले, गुरुजी, मनात आहे ते बोलून टाका. त्यात 'धार्मिक' पुरं झालं. 'दृष्टिकोन' अर्धवट राहिला. डॉक्टर घड्याळ बघून निघून गेले.
एकंदरीत सभा जिंकली.

१२ जून
समितीवर नेमणूक झाली. शुद्धलेखन तपासायला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सर, कॉम्प्युटरनं त्या तिन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली होती, मीच लक्ष दिलं नाही. तुमचं आणि त्याचं छान जमेल.
घरी येऊन नेमणुकीची बातमी सांगितली. ही भिंत धरत धरत बाहेर आली. म्हणाली, अहो, माझ्या गुडघ्याचं विचारलंत ना?
'गुडघा'. उकार ऱ्हस्व. एवढंच सुचलं.