कोरी नळी

४ मार्च
माफ कर गं वहीबाई, महिनाभर तुला उघडलंच नाही. मुलगा गेला. उलट्या, पोटात मुरडा, तिसऱ्या दिवशी संपलं. आणि सूनबाई कोठडीत — त्याला विष घातलं म्हणे! घरात उंदराच्या विषाची पुडी सापडली. ती म्हणाली, "मामंजींनीच आणायला सांगितली." फौजदाराने मला विचारलं. मी? छे! नाही म्हणालो.

७ मार्च
सरकारी डॉक्टरांनी मुलाच्या पोटातला अंश तपासला. काचेच्या नळीत काळा डाग आला. म्हणजे सोमल, तेच उंदराच्या पुडीतलं विष. म्हणजे तिला फाशी! पोरगी तशी नव्हे हो! पण मग डाग?

८ मार्च
तीस वर्षं ज्यांच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतोय, त्या साहेबांपुढे आज रडलो. त्यांनी एकच विचारलं, "कोरी नळी लावली होती का?"
साहेबांचा नेमच आहे तो. आधी तेच आम्ल, तेच जस्त, पण तपासायचं काही नाही — नुसतं पाणी. ती नळी स्वच्छ राहिली तरच पुढचं काम. मी कायम कुरकुरायचो, एक नळी फुकट जास्त धुवायला लावता!
डॉक्टरांकडे विचारून आलो. हसले. "पाण्यात काय बघायचं, आजोबा?"

१२ मार्च
न्यायाधीशांच्या हुकमाने डॉक्टरांचंच जस्त आलं. साहेबांनी कोरी नळी लावली. "बुवा, लांब उभे राहा, थरथरून फोडाल!" खाली ज्योत. थोड्या वेळाने — काळा डाग! नुसत्या पाण्याला! सोमल जस्तातच होता.
मग शुद्ध जस्त आणि मुलाचा उरलेला अंश. तासभर डोळे लावून बसलो. नळी लख्ख! पटकीनेच गेला असणार, साहेब म्हणाले.
पाय धरले. "अहो सोडा, आम्ल सांडेल! आणि नळी धुतली कोणी? तुम्हीच ना?"

१५ मार्च
सुटली! साहेबांचं भलं होवो, सात पिढ्यांचं भलं होवो!
एक गाठोडं घेऊन भावाबरोबर माहेरी गेली. दारात एवढंच म्हणाली, "मामंजी, खोकल्याचं औषध फडताळात ठेवलंय. विसराल."

१६ मार्च
मुलगा नेमका कधी आजारी पडला ते मृत्यूच्या दाखल्यासाठी हवं होतं. म्हणून मागची पानं उलटली. २९ जानेवारी. माझंच अक्षर — "उंदरांनी उच्छाद मांडलाय. सूनबाईला विषाची पुडी आणायला सांगितली."
पोरी, ते पान आणि हे पान फाडून तुला धाडतोय. शिव्या दे, पण दोन ओळी लिही. लवकर लिही.