दोन प्यादी जास्त

आबा,

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं अजून भेटतात. मी ऐकून घेतो. त्यांनी तुम्हाला पटावर बसलेलं पाहिलेलं नसतं. बुद्धिबळात तुम्ही जेमतेम होतात. लोणखेड्यात तुमच्यासमोर बसणारे बहुतेक जण तुमच्याच शेतात कामाला होते, आणि त्यांना हरवून हरवून तुम्ही स्वतःला उस्ताद ठरवलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी तापीपलीकडची मंडळी नावेने आली, तो दिवस मला नीट आठवतो. धुळ्याच्या वृत्तपत्राच्या छापखान्यातून रजा काढून मीही आलो होतो. मुलगी पसंत होती, देण्याघेण्याचं बोलणं मिटलं होतं, मांडे खाऊन मंडळी तृप्त होती. आईने साखरेचं ताट भरून ठेवलं होतं. दोन्ही बापांनी एकमेकांच्या तोंडात साखर घातली की सोयरीक पक्की. तेवढंच उरलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "याहीबुवा, नाव सुटाले टाइम शे. एक डाव हुई जाऊ द्या."

पट आपला नेहमीचा, लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, सगळी घरं एकाच रंगाची. ऊन कलतं तेव्हा त्यावर काय उरलं आहे? तुमचा राजा, एक उंट आणि दोन प्यादी. त्यांचा राजा आणि एक उंट. तुम्ही मिशीवरून हात फिरवता आहात. दोन प्यादी जास्त, एवढंच तुम्हाला मोजता येतं. ती दोन्ही एकाच उभ्या ओळीत, एकामागे एक अडकली आहेत, हे दिसत नाही. पुढच्या प्याद्याच्या तोंडाशी त्यांचा राजा बसला आहे, आणि तुमचा उंट ज्या घरांतून तिरपा फिरतो त्यांत ते घर येत नाही, जन्मात येणार नाही. त्यांचा उंट दुसऱ्या घरांतला. तो इकडून तिकडे फिरत राहील, राजाला हलावंच लागणार नाही. काळी-पांढरी घरं असलेल्या पटावर हे पोरालाही दिसलं असतं. कापडावर मनाने रंग भरावे लागतात. मुलाच्या वडिलांनी ते भरले होते.

ते हसून म्हणाले, "आपला दोन्ही उंट येकमेकले कधीच भेटाव नहीत. बरोबरी म्हना नि साखर वाटू."

"पहिले हार माना, मंग साखर."

"हरनू नही तर कसा म्हनू?"

मी म्हणालो, "आबा, डाव बरोबरीचाच आहे." तुम्ही वर न पाहता म्हणालात, "तुन्हा पेपरमा छापी टाक." ओसरीवरचे हसले. तुम्ही तोच उंट मागेपुढे करत राहिलात. मुलीच्या बापाने सगळीकडे वाकायचं, निदान पटावर तरी आपण वाकणार नाही, एवढीच तुमची मर्दुमकी. तीही साखरेच्या ताटापाशी बसलेल्या पोरीच्या जिवावर.

शेवटची नाव चुकेल म्हणून त्यांचा गाडीवान बैल जुंपून आला. पाहुण्यांनी पागोटं उचललं, आईला नमस्कार केला आणि तुम्हाला म्हणाले, "ज्याले डावमा बरोबरी खपत नही, त्यानी सोयरीक आमले झेपाव नही." तुम्ही काय केलंत? त्यांचा राजा स्वतःच्या हाताने आडवा पाडलात आणि म्हणालात, "पळना!" पळाला, म्हणजे तुम्ही जिंकलात.

मग ही गोष्ट गावोगाव झाली. "बाप आडमुठा शे," म्हणून दोन स्थळं दारातूनच फिरली. शेवटी धाकटी नवापूरकडच्या एका बिजवराला दिली गेली; त्याची मोठी मुलगी तिच्याच वयाची. तिने तुम्हाला कधी बोल लावला नाही. तुम्हाला तेही आपलं यशच वाटलं असणार. मरेपर्यंत तुम्ही 'तो डाव मी जिंकलो' असं सांगत होतात, आणि ऐकणारे मान हलवत होते.

वृत्तपत्रात आयुष्य घालवल्यावर मला एक सवय लागली आहे. छापण्याआधी तपासून पाहायचं. घरी आता लाकडी पट आहे, काळ्या-पांढऱ्या घरांचा. तोच शेवट मी त्यावर मांडतो. डाव बरोबरीचा आहे, आबा. कोणत्याही बाजूने पाहा, बरोबरीचाच.

हे धाकटीला वाचून दाखवणार होतो. नाही दाखवत. कारण मग तिला हेही सांगावं लागेल, की मांडताना दर वेळी मी तुमच्या बाजूला बसतो, आणि जिंकायची वाट शोधतो.